दोरीच्या खालच्या टोकाला

मामा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या सुनेचे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. तुमची आठवण येत नाही असा आठवडा जात नाही, पण परवा सकाळी आली ती वेगळी होती. हाक मारावी अशी होती. मी स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होते. आपली इमारत आता पाडायची ठरलीय. वाशीतल्या त्या वेळच्या सगळ्याच इमारतींचं तेच चाललंय. पाडण्याआधी बाहेरच्या भेगांचे फोटो काढायचे म्हणून सोसायटीने कुणाला तरी बोलावलं होतं. ओट्यासमोरच्या खिडकीबाहेर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, ताटाएवढं एक यंत्र येऊन थांबलं. चार पंखे आणि मध्ये एक कॅमेरा. खाडीकडून वारा चांगलाच सुटला होता, समोरच्यांच्या गॅलरीतल्या चादरी फडफडत होत्या, आणि हे मात्र भिंतीवर खिळा ठोकून अडकवल्यासारखं जागच्या जागी उभं होतं. मी गॅस बंद केला आणि तशीच खाली गेले.

खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. यंत्र चालवायचं खोकं तिने मांडीवर ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी ती वडापाव खात होती.

"अगं, ते वरच आहे ना अजून?" मी विचारलं.

"हो आंटी, टेन्शन नका घेऊ. ते आपोआप थांबतं."

"आपोआप म्हणजे कसं?"

"सेन्सर असतात ना आत. हात काढला की उभं राहतं." एवढं बोलून तिने चटणीचा कागद चाटून पुसून साफ केला. मी मात्र चटकन मागे वळून बघितलं. तुम्ही ऐकलंत की काय, असं वाटलं.

कारण या 'आपोआप'वरून तुम्ही मला एकदा चांगलंच बोलला होता. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात नवी नवी उपसंपादक होते आणि रविवारच्या पानासाठी मला कारखान्यांवर लिहायचं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या तुमच्या केमिकलच्या कारखान्यात तुम्ही मोजमापाच्या उपकरणांच्या विभागाचे प्रमुख होता. साहेबांची परवानगी काढून तुम्ही मला नेलं. हिरव्या रंगाचं भिंतभर पॅनेल, त्यावर गोल तबकड्या, गोल कागदांवर हळूहळू शाई ओढत जाणारी पेनं, आणि सगळीकडे नळ्यांमधून हवेची बारीक फुसफुस. कुठे टाकीतलं तापमान, कुठे नळातला दाब. नव्या ऑपरेटरला तुम्ही समजावत होता ते अजून ऐकू येतं. "टाकी ऑटोवर टाकलीस ना? मग लगेच खुर्ची शोधू नकोस. उभा राहा तिच्यासमोर. तिला तुझ्याशिवाय चालायची सवय होऊ दे, मग जा चहाला." मी हे सगळं लिहून घेतलं आणि छापून आलेल्या मजकुरात पहिलंच वाक्य टाकलं की इथे सारं काही आपोआप चालतं.

रविवारी तुम्ही पोह्यांची बशी बाजूला सारलीत आणि पेपर माझ्यासमोर ठेवलात. "पोरी, आपोआप काही होत नसतं. आधी कुणीतरी मोजतं. मग हवंय किती आणि आहे किती, यातला फरक काढतं. मग त्या फरकाएवढाच व्हॉल्व्ह फिरवतं. आणि परत मोजतं. माणूस दिसला नाही की आपोआप म्हणायचं काय?"

आत्या आतून म्हणाल्या, "अहो, सुनेचं पहिल्यांदा नाव छापून आलंय. आजच्या दिवस तरी गोड बोला."

"नाव आलंय म्हणूनच बोलतोय," तुम्ही म्हणालात आणि पोहे संपवायला लागलात. मी रुसून आत गेले. पण त्यानंतर इतक्या वर्षांत, दिलेल्या वेळेत आणि दिलेल्या जागेत मी हजारो रकाने लिहिले आणि तो शब्द परत वापरताना दर वेळी हात अडखळला.

आत्या गेल्या आणि पाठोपाठ तुम्ही निवृत्त झालात. घरात तुम्ही आणि मी. तुमचा मुलगा बोटीवर इंजिनियर, वर्षातून दोन-तीन महिने घरी. लोक म्हणायचे, सून आणि सासरा दोघंच राहतात, कसं जमतं? जमायचं. मी रात्रपाळी करून आले की तुम्ही भाकरी झाकून ठेवलेली असायची. तुम्ही सकाळी विहारात साफसफाईला गेलात की मी बाजार आणायची. आपण फार बोलत नव्हतो, पण तुम्ही गप्प आहात म्हणजे नाराज आहात असं मला कधी वाटलं नाही. माझ्या माहेरी, लातूरकडे, वडीलमाणूस गप्प बसलं की घर दचकायचं. तुमच्या गप्प बसण्यात मला डुलकी लागायची.

त्याच सुमारास घरात एक खोकं आलं. तुमच्या मुलाने जपानच्या कुठल्याशा बंदरातून आणलं होतं. आत हाताएवढ्या लांबीचे सुटे भाग, लिंबाएवढं इंजिन आणि दोन लांब पाती. जोडलं की हेलिकॉप्टर. "बाबा, वेळ जात नाही म्हणता ना, हे घ्या," तो म्हणाला. बिनतारी यंत्रावरून ते उडवायला परवाना लागायचा, तेव्हा तुम्ही ती भानगड बाजूलाच ठेवलीत आणि बारीक तारांनी ते जमिनीवर ठेवायच्या, तुम्हीच बनवलेल्या बटणांच्या खोक्याला जोडलंत. इंजिनाला स्पिरिट आणि एरंडेल लागायचं. तुम्ही ते ओट्यावर मिसळायचात, त्यामुळे त्या वर्षभर आपल्या घरातल्या चहाला एरंडेलाचा वास होता. पाहुण्यांना वाटायचं, आमच्याकडे कुणाचं तरी पोट बिघडलंय.

तो परत बोटीवर गेला आणि काही महिन्यांनी त्याचं पत्र आलं. विशाखापट्टणमच्या बंदरात त्याला जमिनीवरची नोकरी मिळत होती, राहायला घर होतं. मी तिकडे यावं असं त्याला वाटत होतं, आणि तुम्हीही. तुम्ही लगेच म्हणालात, "मी इथून हलणार नाही. माझी माणसं इथे, विहार इथे. तू जा." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "मला काय झालंय? भाकरी येते, कपडे धुता येतात." भाकरी येणं आणि संध्याकाळी दिवा लावून एकट्याने खाणं यात किती अंतर आहे, ते आत्या गेल्यानंतरच्या महिन्यात मी बघितलं होतं. माझा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, "बरं, असं करू. हे हेलिकॉप्टर हवेत आपलं आपण उभं राहिलं की जा. तोवर मला एक माणूस लागणारच आहे हाताशी." मी हो म्हटलं. तुम्ही मला थांबायला एक कारण दिलं होतंत, की स्वतःला, ते मी तेव्हा विचारलं नाही.

ते उभं राहणं किती कठीण, हे तुम्ही मला स्वयंपाकघरातच दाखवलंत. माझ्या तळहातावर झाडूची लांब काठी उभी केलीत. "तोल सांभाळ. हाताकडे बघू नको, टोकाकडे बघ." थोड्या धडपडीने मला जमलं. मग तुम्ही काठी काढून पेन्सिल उभी केलीत. ती ठेवल्या ठेवल्या पडली. परत पडली. "का पडली?"

"लहान आहे म्हणून?"

"लहान आहे म्हणून घाईत पडते. काठी पडायला वेळ घेते, तेवढ्यात तुझा हात पोचतो. पेन्सिल तुला वेळच देत नाही. खरं हेलिकॉप्टर म्हणजे काठी. आपलं हे पेन्सिल. त्यात ते वरच्या पंख्यावर लटकलंय असं दिसतं, पण तसं नसतं. ज्या बाजूला कलेल त्या बाजूला घसरत जातं, आणि त्याला थांबवायला हवेत काही नसतं."

शेपूट तुम्ही लवकर आवरलंत. खेळण्यातल्या मोटरवर पितळेची चकती गरगर फिरवायची. यंत्राचं नाक वळायला लागलं की ती चकती हट्टाने तिरकी व्हायची, तिच्याबरोबर रेडिओच्या आवाजाचं बटण फिरायचं, आणि तेवढ्यावरून शेपटीचा पंखा नाक परत जागेवर आणायचा. त्या दिवशी तुम्ही दोनदा जेवलात. पण कलण्याचं काही जमेना. आधी तुम्ही आत एक लंबक टांगलात, की तो सरळ खाली कुठे ते सांगेल. टेबलावर त्याने बरोबर सांगितलं. हवेत यंत्र घसरायला लागलं की लंबकही त्याच्याबरोबर घसरायचा आणि सगळं सरळ आहे असंच सांगत राहायचा. पाती मोडली. देवदारी खोक्यांच्या फळ्या तासून तुम्ही नवी केलीत, सुईवर तोललीत, हलकं होतं त्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावलात. परत मोडली. एकदा वैतागून म्हणालात, "जन्मभर टाक्या सांभाळल्या गो. टाकी थांबते. मी चूक केली तरी टाकी दहा मिनिटं विचार करते, मग तापते. ह्याला माझ्यासाठी थांबायला वेळ नाही."

म्हणून मग दोरी आली. सानपाड्याजवळ तेव्हा नुसता भराव टाकलेला होता. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला गाव, मध्ये हे ओसाड मैदान. यंत्राच्या पोटाला दोरी बांधायची, इंजिन वजनापेक्षा थोडं जास्त जोरात ठेवायचं, म्हणजे ते वर ओढत राहणार आणि दोरी त्याला खाली धरून ठेवणार. तुम्ही खोक्याच्या बटणांशी, मी दोरीच्या खालच्या टोकाला.

"तू खुंटी," तुम्ही मला बजावलंत. "खुंटीने काही करायचं नाही. नुसतं धरायचं."

"खुंटीला मध्ये चहा मिळतो का?"

"खुंटी बोलत नाही."

सुट्टीच्या दिवशी आणि रात्रपाळी असेल तेव्हा दुपारी आपण तिथे असायचो. वाशीच्या बाजारात खाडीची कोलंबी विकून घरी परतणारी सानपाड्याची मावशी रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसायची आणि आपली गंमत बघायची. "काय गो सुनबाय, आज तुजा पतंग वर हाय का खाली?" हे तिचं रोजचं. तुम्हाला म्हणायची, "दादा, एवड्या खटपटीत दोन कोंबड्या पालल्या असत्या तं अंडी तरी खाल्ली असती."

आणि हळूहळू ते उभं राहायला लागलं. डोक्याच्या वर दोन पुरुष उंचीवर, थोडं डुलत, पण उभं. दोरीतून मला त्याची बारीक थरथर लागायची, मुंग्या आल्यासारखी. तुम्ही पाठीमागून खोक्याचे स्क्रू थोडे इकडे, थोडे तिकडे करायचात, आणि चेहऱ्यावर ते कारखान्यातलं समाधान. मला वाटायचं, झालंच आता. आणि झालंच, या विचाराने मला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

पण मी कामावर असले आणि तुम्ही खरीखुरी लोखंडी खुंटी ठोकून दोरी तिला बांधलीत, की ते झोके घ्यायला लागायचं. आधी लहान, मग मोठे, मग जमिनीवर. मी घरी येऊन बघायची तर वर्तमानपत्रावर मोडकी पाती. "वारा होता," तुम्ही म्हणायचात. दुसऱ्या दिवशी मी धरली की पुन्हा उभं. तुम्ही वारा बघितलात, इंधन बघितलंत, खुंटी बदललीत, दोरी बदललीत. मावशी म्हणाली, "दादा, तुमचा पतंग सुनंला वळकतो."

"मावशी, यंत्राला सून-सासरा कळत नसतो."

"मंग कोनाला कलतो? तुमाला तं कलत नाय."

तुम्ही दोरी गुंडाळायला घेतलीत. पुढच्या सुट्टीला मैदानात गेल्यावर म्हणालात, "आज पाठ करून बस. मनगट ह्या विटेवर टेकव. दुसऱ्या हाताने वरून दाबून धर. काहीही झालं तरी हलायचं नाही, बघायचं नाही."

मी मिठागरांकडे तोंड करून बसले. इंजिनाचा आवाज वर गेला, दोरी ताणली. मग तिच्यातली थरथर बदलली. ओढ डावीकडे गेली, उजवीकडे आली, परत डावीकडे, आणि दर वेळी जास्त जोरात. माझा हात विटेवरून सुटू बघत होता आणि मी तो गच्च दाबून धरला होता. मग मागे धप्प आवाज झाला. मी वळून बघितलं तर यंत्र आडवं पडलेलं, आणि तुम्ही मातीत बसून हसत होता. आत्या गेल्यानंतर तुम्हाला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं.

"कंट्रोलर तू आहेस गो! तू! इतके महिने मी तुझं श्रेय माझ्या खोक्याला देतोय!"

"मी काय केलं? मी तर नुसती धरून होते."

"नुसती धरून? खुंटी नुसती धरते. तू सांभाळतेस." डोळ्यांतलं पाणी पुसत तुम्ही मावशीकडे बघितलंत. "मावशी, खरं बोलली होतीस हां."

"मला दोन रुपयं जास्त द्या कोलंबीचं," ती म्हणाली.

तुम्ही तिथेच थांबू शकला असता, मामा. यंत्र उभं राहत होतं. सुनेने धरलं की राहतं, एवढ्यावर एखाद्याने आयुष्य काढलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही यंत्राकडे बघणं सोडलंत आणि माझ्या मनगटाकडे बघायला लागलात. मी दोरी धरून उभी, आणि तुम्ही माझ्या हाताशेजारी उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर. मला आधी लाज वाटली, मग हात कसा हलवायचा हेच मला आठवेना आणि यंत्र पडलं. "माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. काहीतरी बोल. तुमच्या ऑफिसातलं सांग." मग मी तुम्हाला आमच्या मुख्य उपसंपादकांच्या गोष्टी सांगायची, ते मथळे कसे खोडतात, कुणाच्या डब्यातलं काय पळवतात. तुम्ही हूं हूं करायचात, आणि नजर मनगटावर.

काही दिवसांनी जेवताना तुम्ही म्हणालात, "कळलं. ते किती लांब गेलं, त्यावर तू हलत नाहीस. किती जोरात निघालं, त्यावर हलतेस. लांब जायच्या आत तू पोचलेली असतेस."

"आणि परत येताना?"

"तीच तर गंमत. परत यायला लागलं की तू आधीच सैल सोडतेस. ओढून घेत नाहीस. मी ओढून घेत होतो, म्हणून ते पलीकडे जात होतं." मग आमटी वाढून घेता घेता, जणू वेगळंच काही सांगावं तसं म्हणालात, "आता हे त्याच्यात घालायचं."

ते तुम्ही घातलंत. खुंटीच्या वर एक लोखंडी कडी, एकात एक अशा दोन चौकटींत बसवलेली, दोरी तिच्यातून वर जाणारी. दोरी कलली की चौकट कलायची, रेडिओची दोन बटणं फिरायची, आणि खोकं आता दोन गोष्टी बघायचं, कल किती आहे आणि कल वाढतोय किती भराभर. त्यावरून वरच्या पात्यांना सांगायचं, इकडे, आता पुरे, सोड. तुम्ही दिवसभर तारांना कथिलाचे डाग देत बसायचात आणि घरात एरंडेलाच्या जोडीला राळेचा वास भरायचा. मला तुमचा राग आला होता तेव्हा. इतक्या तातडीने तुम्ही कारखान्यातलं काम केलेलंही मला आठवत नव्हतं. एकदा भात वाढताना मी बोलूनच गेले, "मामा, एवढी घाई झालीय का मला घालवायची?"

तुम्ही ताटातला घास तसाच ठेवलात. "घाई नाही गो. पण कसं करायचं ते कळल्यावर न करता बसता येत नाही. मला तरी नाही."

मला अजून दिसतंय ते. हिवाळ्यातली दुपार आहे, मिठागरांत पांढरे ढीग लागलेत, वारा बेताचा. तुम्ही दोरी खुंटीला बांधता, कडीतून ओवता, इंजिन सुरू करता. ते वर जातं. एक झोका घेतं, मी नकळत हात पुढे करते, माझ्या हातात काहीच नाही. दुसरा झोका लहान. तिसरा दिसतही नाही. मग ते उभं राहतं, मामा. वाऱ्याचा झोत येतो, ते त्या बाजूला वाकतं, जरा विचार केल्यासारखं करतं आणि जागेवर येतं. मावशी पाटीवरून उठून उभी राहते. तुम्ही हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे, पॅनेलसमोर उभे राहायचात तसे. इंधन संपत आलं तेव्हा तुम्ही ते हलकेच उतरवलंत, तापलेल्या इंजिनावर बोट लावून चटकन काढलंत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "लिही त्याला. येते म्हणून."

मी गेले. तुम्ही टॅक्सीपर्यंत आलात आणि टॅक्सीवाल्याला म्हणालात, "पुलावर वारा असतो, काच वर घे."

विशाखापट्टणमला समुद्र होता, मोठं घर होतं, आणि तुमची दर पंधरा दिवसांनी येणारी पत्रं होती. त्यांत प्रकृती उत्तम, पाऊस बरा, विहाराला नवा रंग दिला, असं सगळं असायचं. यंत्राबद्दल काही नाही. मी विचारलं की तुम्ही लिहायचात, 'चाललंय.' दुसऱ्या वर्षी तार आली. झोपेतच गेलात, शेजाऱ्यांनी दार फोडलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं. पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले, तुमचा मुलगा कागदपत्रांच्या मागे लागला, आणि मी घर झाडायला घेतलं. यंत्र पॅसेजमध्ये दोरीने टांगलेलं होतं. मी ते खाली उतरवलं. पाती नवी होती, आणि कोपऱ्यात मोडक्या पात्यांचा भारा बांधून ठेवलेला. शेपूट चार जागी सांधलेलं. मी गेले तेव्हा ते धड होतं. आपलं आपण उभं राहणारं यंत्र इतक्या वेळा कसं पडलं, मला समजेना.

संध्याकाळी मी मैदानात गेले. मावशी तिथेच होती, जरा वाकली होती. मला बघून तिने डोळ्याला पदर लावला. मी विचारलं, "मावशी, मामा यायचे का इथे?"

"येयाचा ना. रोजचा. पतंग घेऊन."

"मग ते पडायचं का? ती कडी होती ना?"

"कडी काडून ठेवायचा म्हातारा. सोता दोरी धरायचा. तू धरायचीस ना, तसा. मी बोल्ली, दादा, तुमचं मशीन हाय ना चांगलं, मंग कशाला? तं बोल्ला, बगतो जमतंय का."

"जमलं का?"

"नाय गो. पारायचा खाली. घरी नेयाचा, सांधायचा, दुसऱ्या दिवशी परत येयाचा. पन दोरी कवा सोडली नाय त्यानं."

पुढे तुमचा मुलगा निवृत्त झाला आणि आम्ही याच घरात परत आलो. त्या मैदानावर आता उंच इमारती आहेत आणि मावशीही गेली. ती मुलगी परवा वडापाव संपवून, हात पुसून, यंत्र खाली घेऊन निघून गेली. मी वर आले, भाजी गार झाली होती. तुमचा मुलगा म्हणाला, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, "खाली." तो बरा आहे. तुमच्यासारखा गप्प बसायला लागलाय आता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक सांगून टाकते, जे मी त्यालाही कधी सांगितलं नाही. ज्या दिवशी तुम्ही मला मिठागरांकडे तोंड करून बसवलंत आणि मागे ते धप्पकन पडलं, तुम्ही मातीत बसून हसत होता आणि मीही तुमच्याबरोबर हसले, त्या दिवशी मला वाटलं होतं की आता हे माझ्यावाचून कधीच उभं राहणार नाही, आणि मला जावं लागणार नाही. मामा, मला फार बरं वाटलं होतं.